मर्यादा यंत्रावर घाला, माणसावर नको

२०२५ च्या जून महिन्यात केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल यांनी जाहीर केले की, यापुढे एसीचे तापमान २० अंशांच्या खाली आणि २८ अंशांच्या वर नेता येऊ नये, अशी सोय यंत्रातच करून ठेवण्याचा सरकारचा विचार आहे. झाले! आपल्याकडे रामबागेपासून राजेंद्रनगरापर्यंत जिथे चार मंडळी जमतील तिथे तोच विषय. एका बाजूचे म्हणाले, आमच्या पैशाने घेतलेला एसी आम्ही १६ वर चालवू, सरकारला काय त्याचे? दुसऱ्या बाजूचे म्हणाले, १६ वर एसी लावून वर दुलई पांघरून झोपणाऱ्यांना कोणीतरी आवरलेच पाहिजे. दोन्ही बाजूंना टाळ्या पडल्या. पण ज्या घरात एसीच नाही, तीन पंखे, एक जुना फ्रिज आणि उन्हाळ्यापुरता पत्र्याचा कूलर एवढीच ज्याची यंत्रसामग्री, त्या घराचा या सगळ्या वादात कोणी उल्लेख केला नाही. आपल्या समाजात अशी घरे थोडी नाहीत, हे आम्ही सभासदांना सांगायला नको.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, विजेच्या बाबतीत सरकारने मर्यादा जरूर घालावी, पण ती कारखान्याच्या दारात घालावी, घराच्या आत नव्हे. घरातला माणूस रात्री किती अंशांवर झोपतो हे बघत बसण्यापेक्षा त्याच्या माथी मारले जाणारे यंत्र किती वीज खाते ते बघावे. हे करण्याचा अधिकार सरकारकडे आजचा नाही. पाव शतकाचा आहे. तो अर्ध्या हाताने वापरला गेला, ही आमची तक्रार आहे.

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ सालचा. अटलजींचे सरकार होते, आणि कायदा मंजूर झाला तेव्हा ऊर्जामंत्री होते कोकणातून निवडून आलेले सुरेश प्रभू. १ मार्च २००२ पासून कायदा अमलात आला आणि त्याच दिवशी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो, म्हणजे सगळे ज्याला 'बीईई' म्हणतात ती संस्था, उभी राहिली. या कायद्याचे १४ वे कलम वाचण्यासारखे आहे. कोणत्या यंत्राने किती वीज खावी याचे मानक केंद्र सरकार ठरवू शकते, यंत्रावर लेबल सक्तीचे करू शकते, आणि मानकात न बसणारे यंत्र बनवणे, विकणे, विकत घेणे वा परदेशातून आणणे सरळ बंद करू शकते. इतका मोठा अधिकार! पण त्याच कलमात त्याला लगामही घातलेला आहे. मूळ कायद्यात असे होते की, मानक जाहीर झाल्यापासून दोन वर्षे बंदीचा हुकूम काढताच येणार नाही. २०१० साली दुरुस्ती होऊन ती मुदत सहा महिन्यांवर आली, आणि बाजारातला खप व तंत्रज्ञानाची स्थिती पाहून आणखी सहा महिने वाढवण्याची मुभा सरकारने ठेवली. कारखानदाराला साचे बदलायला, जुना माल संपवायला वेळ लागतो, हे आम्हांलाही मान्य आहे. सहा महिने, फार तर वर्ष, ही काही अन्यायाची मुदत नव्हे. लगाम तिथे नव्हताच. तो मानक काढण्याच्या इच्छेतच होता.

पंख्याचे उदाहरण घ्या. स्टार लेबलची योजना २००६ च्या मे महिन्यात सुरू झाली. २०१० च्या जानेवारीपासून फ्रॉस्ट-फ्री फ्रिज, ट्यूबलाइट आणि खोलीतले एसी यांना लेबल सक्तीचे झाले. आता सांगा, त्या वेळी हिंदुस्थानातल्या किती घरांत एसी होता आणि किती घरांत पंखा? पंखा म्हणजे गरिबातल्या गरिबाच्या छतालाही लटकणारे यंत्र. पण पंख्याचे लेबल ऐच्छिक राहिले. ज्या कंपनीला वाटेल तिने स्टार लावावेत, ज्या कंपनीला नको असेल तिने ७५ वॅटचा पंखा खुशाल विकावा. असे एक-दोन नव्हे, दहा-बारा वर्षे चालले. १ जानेवारी २०२३ रोजी पंख्याला लेबल सक्तीचे झाले तेव्हा गंमत अशी झाली की, जुन्या तक्त्यात ज्या पंख्याला पाच स्टार मिळत होते तो नव्या तक्त्यात एका स्टारवर येऊन बसला! म्हणजे कारखान्यांना चांगला पंखा बनवता येत होता, वर्षानुवर्षे येत होता. बनवायची सक्ती तेवढी नव्हती.

या दहा-बारा वर्षांत विकले गेलेले पंखे आज कुठे आहेत? आपल्या डोक्यावर आहेत. पंखा हे काही मोबाइलसारखे दोन वर्षांत बदलायचे यंत्र नाही. वीस-वीस वर्षे फिरतो. जळला तर दोनशे-तीनशे रुपयांत वाइंडिंग करून घेतो आणि पुन्हा लटकवतो. आपल्याकडे तर आजोबांनी घेतलेला पंखा अजून चालतो याचा अभिमान सांगणारी घरे आहेत. अभिमान जरूर बाळगावा, पण तो पंखा मीटरला काय सांगतो तेही एकदा बघावे.

हिशेब अगदी साधा आहे, कागद-पेन्सिल घेऊन मांडता येईल. ७५ वॅटचे तीन पंखे रोज बारा तास चालले तर तीस दिवसांत ८१ युनिट होतात. जुना फ्रिज दिवसाला दीड युनिट धरला तर ४५. दिवे, टीव्ही, मिक्सर आणि पाण्याची मोटर मिळून ३० युनिट धरा. बेरीज १५६. आता आपल्या मध्य प्रदेशात २०१९ पासून घरगुती ग्राहकांना जी सवलत मिळते, जी आधी इंदिरा गृह ज्योती या नावाने होती आणि पुढे अटलजींच्या नावाने झाली (सरकारे बदलली की योजनेची पाटी बदलते, मीटर तेच राहते), तिची रेघ १५० युनिटांवर आहे. महिन्याला १५० च्या आत राहिलात तर पहिले १०० युनिट १०० रुपयांत. १५० ओलांडले की त्या महिन्यापुरती सवलत गेली, सगळे युनिट चालू दराने. वरच्या घराने रेघ ओलांडली ती अवघ्या सहा युनिटांनी. तेच तीन पंखे ३० वॅटचे, आजकाल ज्यांना बीएलडीसी म्हणतात ते, असते तर ८१ च्या जागी ३२ युनिट झाले असते आणि बेरीज १०७ वर थांबली असती. उन्हाळ्यात वर कूलर चालवूनही ते घर रेघेच्या आत राहण्याचा संभव होता.

म्हणजे निवृत्त मास्तरांच्या घरी चैत्र-वैशाखात बिजलीचे बिल एकदम का उडी मारते, याचे उत्तर त्यांच्या उधळपट्टीत नाही. ते २०२३ च्या आधीच्या त्या ढिलाईत आहे. आणि ज्या घराला सवलत मिळते तिथेही नुकसान होतेच, फक्त ते राज्याच्या तिजोरीतून जाते. शंभर रुपयांत दिलेल्या शंभर युनिटांची उरलेली किंमत सरकार वीज कंपनीला भरते. ते पैसे आपण भरलेल्या करातलेच. एका हाताने केंद्राने वीज खाणारे पंखे विकू दिले आणि दुसऱ्या हाताने राज्याने ते चालवण्याचा खर्च दर महिन्याला उचलला. सासूने सांडायचे आणि सुनेने पुसायचे, तसा हा कारभार.

पंख्याचे एकदाचे मार्गी लागले असे समजू. पण तोच खेळ एसीत चालू आहे, जरा वेगळ्या रीतीने. एसीवर 'आयसीईईआर' नावाचा एक आकडा छापलेला असतो. वर्षभरात खोलीतून किती उष्णता बाहेर काढली आणि त्यासाठी किती वीज खर्चली यांचे ते गुणोत्तर. आकडा मोठा तितके यंत्र चांगले. २०१८ पासून स्प्लिट एसीला एक स्टार मिळवायला ३.१० लागत होते आणि पाच स्टारला ४.५०. २०२२ च्या जुलैत तक्ता बदलला. पाच स्टारची पायरी ५.०० वर गेली, एक स्टारची गेली ३.३० वर. वरची पायरी अर्ध्याने चढली आणि खालची जेमतेम दोन दशांशांनी. आता यात कोणाला वाटेल की, वरचे टोक पुढे सरकते आहे, चांगलेच आहे. पण पाच स्टारचे यंत्र घेणारा माणूस मुळातच चार पैसे जास्त मोजू शकणारा असतो, त्याला लेबल वाचता येते, तो महारानी रोडवर चार दुकाने फिरून भाव करतो. त्याला सरकारच्या मदतीची गरज कमी. कायद्याचे खरे काम खालच्या पायरीवर आहे. एक स्टार म्हणजे परीक्षेत पास होण्यापुरते गुण. त्याच्या खाली विक्री बंद. सरकारने पास होण्याचे गुण कमी ठेवायचे आणि पहिल्या नंबराला मोठा हार घालायचा, याने वर्ग सुधारत नाही.

एक स्टारचे यंत्र कोण घेतो याचा विचार आपल्या समाजाने तर केलाच पाहिजे. हे लिहिताना थोडा संकोच वाटतो, पण लिहितो. आपल्यातल्या कितीतरी जुन्या घरांचा वरचा मजला आज भाड्याने दिलेला आहे. मुले पुण्याला, बंगळुरूला, काहींची थेट न्यू जर्सीला. वाडा मोठा, राहणारे दोघे. भंवरकुव्याच्या शिकवण्यांना येणारी खरगोन-बडवानीची मुले भाड्याने राहतात. खोलीत एसी असला तर भाडे जास्त मिळते, म्हणून घरमालक एसी बसवतो. कोणता? सगळ्यांत स्वस्त तो. बिल कोण भरतो? भाडेकरू, सबमीटरप्रमाणे. यंत्र घेणारा एक आणि त्याची वीज भरणारा दुसरा. अशा ठिकाणी लेबलावर किती स्टार आहेत, याला काडीचा अर्थ उरत नाही, कारण लेबल वाचणाऱ्याच्या खिशातून काहीच जात नाही. गिझरचेही तेच, फ्रिजचेही तेच. घरमालकाला दोष देऊन भागणार नाही. माणूस आपला खर्च आधी बघतो. उपाय एकच, दुकानात मिळणारे सर्वांत स्वस्त यंत्रसुद्धा बऱ्यापैकी असले पाहिजे. आणि ते फक्त कायद्याने होते.

यावर नेहमीचा आक्षेप येतो, की मानक वाढवले की किंमत वाढते आणि गरीब माणूस मरतो. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. तीन हजारांचा पंखा आणि दीड हजाराचा पंखा यांतला फरक ज्याला हातावरचे पोट आहे त्याला फार मोठा असतो, आणि पुढच्या पाच वर्षांची बचत त्याला आज दुकानदाराच्या हातावर ठेवता येत नाही. पण एलईडी दिव्याचे काय झाले ते आठवा. २०१४ च्या सुरुवातीला केंद्र सरकारच्या ईईएसएल या कंपनीला एक एलईडी बल्ब घाऊक भावात ३१० रुपयांना पडत होता. ५ जानेवारी २०१५ रोजी उजाला योजना सुरू झाली, कोट्यवधी बल्बांची मागणी एकदम नोंदवली गेली, आणि २०१६ पर्यंत तोच भाव ३८ रुपयांवर आला. त्या योजनेत देशभर ३६ कोटींवर बल्ब वाटले गेले. वीज कंपनीच्या केंद्रावर रांगेत उभे राहून बल्ब घेतल्याचे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तेव्हाही महाग आहे, गरिबाला परवडणार नाही, असे म्हणणारे होतेच. मोठी मागणी आली की किंमत उतरते. तेव्हा मानक कडक करायचे तर जोडीला उजालासारखी घाऊक खरेदीही करावी, म्हणजे गरिबाच्या नावाने गळा काढणाऱ्यांचे तोंड बंद होईल.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. तो सध्या अमेरिकेत फार जोरात आहे. तिथे घरगुती यंत्रांच्या मानकांचा पाया १९७५ च्या कायद्याने घातला गेला, आणि १९८७ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सहीने मानके कायद्यातच लिहिली गेली. रेगन काही सरकारी नियमांचे भोक्ते नव्हते, आदल्याच वर्षी त्यांनी असेच विधेयक सही न करता अडवले होते. त्या देशात १९७० च्या दशकाच्या मध्यात नवा फ्रिज वर्षाला १८०० युनिटांच्या आसपास वीज खात असे. आज त्याहून मोठा फ्रिज पाचशेच्या आत भागवतो, आणि तिथे कोणाचे दूध नासल्याचे ऐकिवात नाही. पण २०२४ च्या मे महिन्यात तिथल्या प्रतिनिधिगृहाने अशी मानके काढण्याच्या सरकारी अधिकारावरच मर्यादा घालणारे विधेयक मंजूर केले. सिनेटमध्ये ते पुढे सरकले नाही. मग २०२५ च्या मे महिन्यात तिथल्या ऊर्जा खात्याने ४७ नियम रद्द करण्याचे किंवा सैल करण्याचे प्रस्ताव एकदम जाहीर केले, त्यांत घरगुती यंत्रांचे कितीतरी आहेत. ग्राहकाला हवे ते घेऊ द्या, हा त्यांचा युक्तिवाद.

या युक्तिवादात एक खोट आहे. फ्रिजचा रंग ग्राहकाला दिसतो, कप्पे दिसतात, किंमत दिसते. मागच्या बाजूचा कॉम्प्रेसर किती वीज पिणार ते त्याला दिसत नाही. जे दिसतच नाही त्याची निवड कसली करणार? दुधात पाणी किती हे ग्राहकाने जिभेने ओळखावे असे आपण म्हणत नाही, त्यासाठी कायदा करतो. मात्र अमेरिकेच्या कायद्यातली एक गोष्ट आपण घेण्यासारखी आहे. एकदा ठरलेले मानक नंतर खाली आणता येणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणून तिथल्या आजच्या सरकारलाही ही मानके सहज पुसता येणार नाहीत, कोर्टात उत्तर द्यावे लागेल. आपल्या कायद्यात असे कलम नाही. उद्या एखाद्या मंत्र्याला वाटले की उद्योगाला जरा मोकळे सोडावे, तर एका अधिसूचनेत वर्षांचे काम मागे जाऊ शकते.

आता पुन्हा त्या २० ते २८ अंशांकडे येऊ. एसी सुरू केला की तो २४ अंशांवरच सुरू व्हावा, असा नियम १ जानेवारी २०२० पासून लागू झाला. ज्याला हवे त्याने बटण दाबून तापमान कमी-जास्त करावे. हा नियम आम्हांला पटतो. त्यात सुचवणे आहे, जबरदस्ती नाही, आणि एक अंश वाढवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते हे बीईईचे गणितही बरोबर आहे. पण बटणच काढून घेणे निराळे. घरात आजारी माणूस असतो, पश्चिमेकडच्या भिंतीची तापलेली खोली असते, गच्चीखालचा मजला असतो. शब-ए-मालवाच्या गोष्टी आपण ऐकतो, त्या काळी मंडळी गच्चीवर अंथरूण टाकून निवांत झोपत. आज त्याच गच्चीभोवती चार मजले उठले आहेत आणि रात्रीही वारा फिरकत नाही. कोणाला किती थंडावा लागतो हे दिल्लीत बसून ठरवू नये. ज्या एसीला २० अंशांवर रोखायचे म्हणता, तो मुळात एक स्टारचा असेल तर त्याला रोखून मिळवणार काय? एकीकडे एक स्टारचा एसी कायदेशीर म्हणून विकू द्यायचा आणि दुसरीकडे तो विकत घेणाऱ्याला शिस्त शिकवायची, यात आम्हांला न्याय दिसत नाही. शिवाय घरातल्या बटणावर मर्यादा घालायला मंत्र्याला एक पत्रकार परिषद पुरते. कारखान्यावर मर्यादा घालायची तर कारखानदारांशी वाद घालावा लागतो. सोपे ते आधी केले जाते, दुसरे काय?

करांचेही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. स्वागतच आहे. पण एक स्टारलाही १८ आणि पाच स्टारलाही १८. महाग यंत्रावर तोच टक्का लावला की रुपयांत कर जास्तच बसतो, म्हणजे वीज वाचवणाऱ्याने सरकारला चार पैसे अधिक द्यायचे! कर उतरवायचाच होता तर चार आणि पाच स्टारचा आणखी उतरवायला काय हरकत होती?

राज्याचीही यात जबाबदारी आहे, ती आपले आमदार सहसा बोलत नाहीत. दुकानात विकले जाणारे यंत्र लेबलाप्रमाणे आहे की नाही ते पाहण्यासाठी तपासणी अधिकारी नेमण्याचा अधिकार कायद्याने राज्याला दिला आहे. नियम मोडणाऱ्याला होणाऱ्या दंडाची कमाल मर्यादा २०१० साली दहा हजारांवरून दहा लाखांवर नेली गेली. इंदूरच्या बाजारात अशी तपासणी होताना आपल्यापैकी कोणी पाहिली आहे का? आम्ही चार-पाच जुन्या दुकानदारांना विचारले, त्यांना तर प्रश्नच नवीन वाटला. आणि गल्लीत पत्रा वाकवून बनवलेल्या कूलरच्या मोटरीवर, वाइंडिंग करून पुन्हा विकलेल्या पंपावर कोणते लेबल असते? माळव्यातला उन्हाळा निम्मा त्या कूलरवर निघतो. हे लहान कारागीर आहेत, त्यांना दंड करून उपयोग नाही. त्यांच्यापर्यंत चांगली मोटर स्वस्तात पोहोचवावी लागेल, म्हणजे इथेही पुन्हा घाऊक खरेदीच.

हा केंद्राचा कायदा आहे, म्हणून आपले पत्र खासदारांकडे गेले पाहिजे, नगरसेवकाकडे नव्हे. मंडळाच्या वतीने तसे पत्र तयार केले असून ते कार्यालयात सह्यांसाठी ठेवले आहे. त्यात एक स्टारची पायरी पाच स्टारच्या बरोबरीने चढावी, ठरलेले मानक खाली आणता येणार नाही असे कलम कायद्यात यावे, आणि २०२३ च्या आधीचा पंखा परत देणाऱ्या घराला नवा पंखा उजालाच्या धर्तीवर हप्त्याने मिळावा, एवढेच मागितले आहे. हप्ता बिजलीच्या बिलातूनच कापला तरी चालेल, कारण वर मांडलेल्या हिशेबाप्रमाणे तीन पंख्यांमागे महिन्याला जवळजवळ ४९ युनिट वाचतात. पत्रासोबत प्रत्यक्ष बिले जोडायची आहेत. ज्यांचे बिल एप्रिल, मे किंवा जूनमध्ये १५० च्या रेघेवरून पाच-दहा युनिटांनी पुढे गेले असेल त्यांनी त्याची झेरॉक्स प्रत आणून द्यावी. नाव आणि ग्राहक क्रमांक खोडला तरी चालेल. मागे किती पंखे आहेत आणि कोणत्या साली घेतले, ते मात्र पेन्सिलीने लिहावे.